ओपनबीएसडी : घरच्या संगणकाची दारे आणि किल्ल्या



मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ ला दिले जाणारे नेहमीचे साहाय्य थांबविले. घरगुती वापरासाठी काही अटींवर आणखी एका वर्षाची सोय केली गेली, तरी या प्रणालीचे दिवस भरले एवढे निश्चित झाले. आपल्या शाळेच्या संगणक कक्षात सहा यंत्रे अशी आहेत की ज्यांच्यावर ‘विंडोज ११’ बसत नाही. ती भंगारात काढावीत काय, असा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या बैठकीत निघाला आणि त्यावर लेखी टिपण देण्यास आम्हांस सांगण्यात आले. टिपण लिहिताना असे लक्षात आले की हा विषय शाळेपुरता नाही. शिवाजी नगरपासून पिपलानीपर्यंत आपल्या पुष्कळ घरांत असाच एखादा संगणक कोपऱ्यात ठेवलेला असतो. त्यावर वीजबिल भरले जाते, मुलांचे प्रकल्प होतात, आजोबांच्या पेन्शनचे कागद राहतात, आणि त्याची दारे उघडी आहेत की बंद हे घरात कोणालाच ठाऊक नसते. म्हणून त्या टिपणाचाच विस्तार करून हा अभ्यासलेख सर्वांसाठी देत आहोत.

आधी शब्दांविषयी थोडे. हिंदी पुस्तकांत ‘प्रचालन तंत्र’ म्हणतात, मराठीत ‘कार्यप्रणाली’, आणि बाजारात सर्वजण ‘ऑपरेटिंग सिस्टम’ म्हणतात. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे आमच्या तोंडी प्रचालन तंत्रच आधी येते. या लेखात आम्ही कार्यप्रणाली हा शब्द वापरू. यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसून जो कारभार पाहतो, कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, कोणती फाइल कोणी वाचायची, इंटरनेटच्या तारेवर कोणी बोलायचे हे ठरवितो, तो हा कारभारी. कारभारी ढिला असला तर घर कितीही चांगले बांधलेले असो, चोरी होतेच.

चोरी झाल्याची उदाहरणे फार लांब शोधावी लागत नाहीत. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने युक्रेनमधून निघून जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका खासगी टर्मिनलचे काम त्याने ठप्प केले होते. एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरण्यासाठी त्याने विंडोजमधील ज्या दोषाचा उपयोग केला, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच देऊन ठेवली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती त्यांच्या यंत्रांत हे दार उघडेच राहिले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक व्यवस्थेत शिरून चोरांनी दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये काढले. बँकेकडे तंत्रज्ञ असतात, पैसा असतो, तरी असे घडते. आपल्या घरी तर ‘क्रॅक’ टाकून दिलेली विंडोजची प्रत असते आणि ती कोणी टाकून दिली हेही आठवत नाही. चोरीची प्रत म्हणजे ज्याच्या किल्ल्या दुसऱ्या कोणाकडे असू शकतात असे कुलूप होय. पालकांना हे वाक्य कडक वाटेल, पण आम्ही ते मागे घेणार नाही.

युनिक्स आणि आपली मुंबई

ज्या कार्यप्रणालीची ओळख येथे करून द्यायची आहे तिचे नाव ओपनबीएसडी. ती युनिक्सच्या घराण्यातील आहे. युनिक्स १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून आकाराला आले. त्या काळी एक संगणक अनेकांनी मिळून वापरायचा असे. त्यामुळे ही फाइल कोणाची, ती कोण वाचू शकतो, कोण बदलू शकतो, हा विचार युनिक्समध्ये आरंभापासून आहे. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनी त्यात भर घालून आपली आवृत्ती काढली, ती बीएसडी. पुष्कळांना ठाऊक असलेले लिनक्स हे १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेले वेगळे काम. ते युनिक्सच्या धर्तीवरचे आहे, परंतु बीएसडीच्या रक्ताचे नाही.

आपल्याकडे युनिक्स नवे नाही. १९८६-८७ च्या सुमारास अर्नेट प्रकल्पात जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये ई-पत्रांची देवाणघेवाण सुरू झाली, ती युनिक्सच्या साधनांनीच. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य जनतेसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा स्वस्तातले खाते ‘शेल’ खाते असे. टेलिफोन लावायचा, मोडेमचा किर्र आवाज ऐकायचा आणि काळ्या पडद्यावर अक्षरांत आज्ञा द्यायच्या. पलीकडे उत्तर देणारे यंत्र युनिक्सचे असे. मुंबई-पुण्याच्या अनेक विद्यार्थ्यांनी पहिले ई-पत्र अशा काळ्या पडद्यावरच वाचले. तेव्हा ‘हे आपल्या मुलांना जमेल का’ अशी शंका पालकांनी ठेवू नये. तीस वर्षांपूर्वी याहून कमी साधनांत ते जमलेले आहे.

ओपनबीएसडीचा आरंभ ऑक्टोबर १९९५ मधला. कॅनडातील कॅलगरी शहरात राहणारे थिओ डी राट हे नेटबीएसडी नावाच्या प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी एक. सहकाऱ्यांशी मतभेद होऊन ते बाहेर पडले आणि त्यांनी स्वतंत्र काम सुरू केले. १९९६ पासून या गटाने एक कंटाळवाणे व्रत घेतले : सगळा मूळ मजकूर, म्हणजे प्रोग्रॅमच्या ओळी, एकेक करून वाचायचा आणि दोष शोधायचे. एखादा दोष सापडला की तसाच दोष आणखी कोठे आहे हे सर्वत्र पाहायचे. आमच्या गणिताच्या शिक्षिका एका मुलाच्या वहीत चूक सापडली की सगळ्या वर्गाच्या वह्या पुन्हा मागवितात, तसाच हा प्रकार. तेव्हापासून साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ७.८ ही आवृत्ती निघाली. सगळे काम देणग्यांवर चालते. जानेवारी २०१४ मध्ये या प्रकल्पाच्या यंत्रांचे विजेचे बिल भरायला पैसे नव्हते. सुमारे २० हजार डॉलरची गरज आहे असे त्यांनी जाहीर केले आणि लोकांनी ती रक्कम उभी केली. आपल्या विश्वस्तांना वर्गणीची वही घेऊन फिरण्याचा अनुभव असल्यामुळे त्यांना यातील कष्ट वेगळे सांगायला नकोत.

या मंडळींचे एक काम तर जवळजवळ साऱ्या जगाच्या हातात आहे. एका संगणकावरून दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्याचे ‘ओपनएसएसएच’ हे साधन त्यांनी १९९९ साली काढले. आपले जे माजी विद्यार्थी पुण्या-बंगळूरला संगणकाच्या नोकरीत आहेत, त्यांच्यापैकी पुष्कळजण ते रोज वापरतात, आणि ते कोठून आले हे बहुतेकांना ठाऊक नसते.

बंद दरवाजा आणि दिंडी

आता मुख्य विषय. जुन्या भोपाळला तटबंदी होती आणि तिच्या दरवाज्यांना वारांची नावे होती. जुमेराती, इतवारा, बुधवारा ही नावे आपण आजही रोज घेतो. दरवाजा आहे म्हणजे तेथे पहारा हवा. पहारेकरी जितके थोडे, तितके दरवाजे थोडे ठेवलेले बरे. संगणकालाही इंटरनेटच्या बाजूने असे क्रमांकाचे दरवाजे असतात, त्यांना ‘पोर्ट’ म्हणतात. एखादी सेवा चालू केली की तिचा दरवाजा उघडतो. पूर्वी पुष्कळ कार्यप्रणाली बसविल्याबरोबर पाच-पंचवीस सेवा आपण होऊन सुरू करीत. वापरणाऱ्याने मागितलेले नसताना दरवाजे उघडे. ओपनबीएसडीने उलट पद्धत ठेवली. मुळात सगळे बंद, आपल्याला हवे ते आपण समजून उघडायचे.

मूळ बसवणुकीत दूरवरून शिरता येईल अशी केवळ दोन भोके इतक्या वर्षांत सापडली, असे हा प्रकल्प अभिमानाने सांगतो. पहिले २००२ साली सापडले, दुसरे २००७ साली. २००२ पूर्वी ‘एकही नाही’ असे लिहिलेले असे. पहिले भोक सापडल्यावर त्यांनी ते वाक्य स्वतः बदलले. यावर टीका करणारे म्हणतात की, मुळात काही चालूच नसेल तर भोक सापडणार कसे? टीका बरोबर आहे, पण घराच्या दृष्टीने हीच तर सोय आहे.

वाड्याच्या मोठ्या दरवाज्यात एक लहान दिंडी असे. रात्री मोठा दरवाजा अडसर लावून बंद, ओळखीचा माणूस आला तर दिंडीतून वाकून आत. ओपनबीएसडीत हे काम ‘पीएफ’ नावाची संरक्षक भिंत करते. ती २००१ साली तयार झाली. तिचे नियम साध्या फाइलमध्ये लिहायचे असतात आणि ते जवळजवळ इंग्रजी वाक्यासारखे वाचता येतात. घरच्या यंत्रापुरते दोन नियम पुरतात : ‘ब्लॉक ऑल’ म्हणजे सगळे अडवा, आणि ‘पास आउट’ म्हणजे आतून बाहेर जाणाऱ्याला जाऊ द्या. बाहेर गेलेल्या मागणीचे उत्तर परत येते तेव्हा पीएफ त्याला ओळखते आणि आत घेते. आपण न बोलाविता आलेला मात्र दाराशीच थांबतो. नववीतील एका मुलीने हे शिकताना विचारले, “मग नियम उलट क्रमाने लिहिले तर?” प्रश्न उत्तम होता. पीएफ सगळे नियम वरून खाली वाचते आणि लागू पडणारा शेवटचा नियम मानते. ‘ब्लॉक ऑल’ शेवटी लिहिले तर कोणीच बाहेर जाऊ शकणार नाही. तिने करून पाहिले आणि इंटरनेट बंद पडले, तेव्हा सगळ्या वर्गाला नियमाचा क्रम कायमचा कळला.

दरवाजे झाले, आता घरातली शिस्त. चोर कधीतरी आत येणारच असे गृहीत धरून पुढची रचना केलेली आहे, आणि आमच्या मते ओपनबीएसडीचे खरे शिक्षण येथे आहे. आपण रोज प्रार्थनेनंतर प्रतिज्ञा म्हणतो. ओपनबीएसडीतील प्रोग्रॅमही प्रतिज्ञा करतात. त्या सोयीचे नावच ‘प्लेज’ आहे आणि २०१६ च्या ५.९ आवृत्तीत ती मूळ प्रणालीतील बहुतेक प्रोग्रॅमना लागू झालेली होती. प्रोग्रॅम सुरू होताना कारभाऱ्याला सांगतो की मी यापुढे केवळ फाइल वाचीन, इंटरनेटवर जाणार नाही. नंतर कोणी त्या प्रोग्रॅमला फसवून इंटरनेटवर जायला लावले, तर प्रतिज्ञा मोडली म्हणून कारभारी त्याला तत्काळ बंद करतो. रागावणे नाही, दुसरी संधी नाही. (शाळेत आम्ही इतके कठोर नाही.) २०१८ साली आलेली ‘अनव्हेल’ ही सोय म्हणजे पाहुण्याला ओसरी आणि दिवाणखाना दाखवावा आणि माजघराचे दार आहे हेही कळू देऊ नये तशी. त्या प्रोग्रॅमला नेमून दिलेली कपाटेच दिसतात. ओपनबीएसडीवर बसविलेला फायरफॉक्स या दोन्ही सोयी वापरतो. म्हणजे एखाद्या लबाड संकेतस्थळाने फायरफॉक्सला फितविले, तरी घरच्या सगळ्या फाइल त्याच्या हाती लागत नाहीत. डाउनलोडच्या कपाटापलीकडे त्याला फारसे काही दिसत नाही.

परीक्षेत आपण बैठक क्रमांक मिसळून देतो, जेणेकरून शेजारी कोण येईल हे आधी ठरविता येऊ नये. ओपनबीएसडीत प्रोग्रॅमचे भाग मेमरीत दरवेळी वेगळ्या जागी बसविले जातात, आणि २०१७ पासून तर कारभारी स्वतःही, म्हणजे ‘कर्नल’, प्रत्येक वेळी यंत्र सुरू झाले की पुढच्या खेपेसाठी नव्या क्रमाने जुळविला जातो. चोराने एका यंत्राचा नकाशा मिळविला तरी तो दुसऱ्या यंत्राला लागू पडत नाही. शाळेच्या फीच्या खिडकीवर फॉर्म घेणारे आणि तिजोरीची किल्ली बाळगणारे वेगवेगळे असतात, तेच तत्त्व ओपनएसएसएचमध्ये २००२ साली आले : अनोळखी माणसाशी बोलणारा भाग वेगळा आणि अधिकार असलेला भाग वेगळा.

हे सगळे असूनही चुका होतात. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्येच एक गंभीर दोष जाहीर झाला आणि जगभरातील लिनक्स यंत्रांना तातडीने दुरुस्ती करावी लागली. चूक याच मंडळींच्या हातून झालेली होती. परंतु ओपनबीएसडीवर तिचा परिणाम झाला नाही, कारण ज्या जागी ती चूक घातक ठरली असती ती जागा त्यांनी २००१ सालीच सुरक्षित करून ठेवली होती.

पालकांना आवडेल अशी एक लहान गोष्ट. या प्रणालीत मायक्रोफोन आणि कॅमेरा यांचे मुद्रण मुळात बंद असते. कोणताही प्रोग्रॅम मायक्रोफोन ऐकू लागला तर त्याला केवळ शांतता ऐकू येते. ऑनलाइन वर्गासाठी ते चालू करायचे तर घरातील ज्याच्याकडे मुख्य अधिकार आहे त्याने आज्ञा द्यावी लागते, आणि काम झाल्यावर बंद करता येते.

यंत्रावर बसविताना

यंत्र ६४ बिटचे असावे आणि मेमरी ४ गिगाबाइट असली तर फायरफॉक्स बऱ्यापैकी चालतो. प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून बसवणुकीची फाइल घ्यावी, ती पेनड्राइव्हवर उतरवावी आणि यंत्र त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावे. मित्राकडून आलेली तयार प्रत घेऊ नये. तसे केले तर पुन्हा तेच किल्ल्यांचे प्रकरण.

येथे एक सूचना ठळक अक्षरांत आहे असे समजून वाचावी. पूर्ण डिस्क देऊन बसवणूक केली की यंत्रावरचे आधीचे सगळे पुसले जाते. १९५६ साली नवे मध्यप्रदेश राज्य झाले आणि नागपूरची सरकारी दप्तरे भोपाळला आली, त्यांच्यासोबत आपली कित्येक कुटुंबे आली. त्या पिढीतील माणसे आजही घरात असतील तर त्यांना विचारा की दप्तर हलविताना काय करीत. आधी यादी, मग गठ्ठे, मग गठ्ठे मोजून पुन्हा यादीशी मेळ, आणि त्यानंतर गाडी. फोटो, कागदपत्रे, मुलांचे प्रकल्प यांची अशीच यादी करून ती वेगळ्या डिस्कवर उतरवावीत आणि दुसऱ्या संगणकावर ती उघडतात हे पाहावे. आमच्या सहा यंत्रांपैकी दोनांवर हे काम मुलांनी केले. यादी करण्यात तीन शनिवार गेले, आणि बसवणूक अर्ध्या तासात झाली.

बसविणारा प्रोग्रॅम एकापुढे एक प्रश्न विचारतो. बहुतेक ठिकाणी सुचविलेले उत्तर कंसात असते, ‘एंटर’ दाबले की पुरते. दोन प्रश्नांवर मात्र थांबावे. ओपनएसएसएचची सेवा आपण होऊन सुरू करायची काय, यावर घरच्या यंत्रासाठी ‘नो’ लिहावे. दुसरा प्रश्न डिस्क सांकेतिक करण्याचा. एप्रिल २०२३ च्या ७.३ आवृत्तीपासून ही सोय बसविणाऱ्या प्रोग्रॅममध्येच आली. लॅपटॉप रेल्वेत चोरीला गेला तर चोराला यंत्र मिळेल पण त्यातील कागद वाचता येणार नाहीत. मात्र परवलीचा शब्द विसरलात तर तुम्हालाही वाचता येणार नाहीत, आणि कोणी दुकानदार ते उघडून देऊ शकणार नाही. हा शब्द कागदावर लिहून आईच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवायला आमची हरकत नाही. संगणकाला चिकटवू नये, एवढेच.

यंत्र पहिल्यांदा सुरू झाल्यावर काळ्या पडद्यावर अक्षरे येतात आणि मुलांचे चेहरे पडतात. खिडक्यांचा पडदाही सुरू करता येतो, पण आठवडाभर तरी काळ्या पडद्यावर राहावे. एल आणि एस ही दोन अक्षरे लिहिली की फाइलींची यादी येते, पी-डब्ल्यू-डी लिहिले की आपण कोठे आहोत ते कळते. सविस्तर यादी मागितली की प्रत्येक फाइलपुढे तीन-तीन अक्षरांचे तीन गट दिसतात : मालकाला काय करता येते, त्याच्या गटाला काय, आणि इतरांना काय. वाचणे, लिहिणे, चालविणे, हे तीन अधिकार. घरात प्रत्येकाचे खाते वेगळे करावे. धाकट्याच्या हातून खेळता खेळता बाबांचे कागद पुसले जाऊ नयेत याची सोय पन्नास वर्षांपूर्वीच करून ठेवलेली आहे, आपण वापरत नाही इतकेच. मुख्य अधिकार ‘रूट’ या खात्याकडे असतो. त्या खात्यातून रोजचे काम करू नये. लागेल तेव्हा ‘डूअ‍ॅज’ या आज्ञेने तेवढ्यापुरता अधिकार घ्यावा.

सर्वांत मोलाची आज्ञा ‘मॅन’. तिच्यापुढे कोणत्याही आज्ञेचे नाव लिहिले की तिची माहितीपुस्तिका उघडते, इंटरनेट नसतानाही. या प्रकल्पात पुस्तिकेतील चूक ही प्रोग्रॅममधील चुकीइतकीच गंभीर मानतात, त्यामुळे ती भरवशाची असते. ती इंग्रजीत आहे, म्हणून हिंदी-मराठी माध्यमाची मुले बिचकतात. आमचा अनुभव वेगळा आहे. या पुस्तिकांचे इंग्रजी कादंबरीचे इंग्रजी नव्हे. वाक्ये लहान, शब्द ठरावीक, आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. दोनेकशे शब्दांची वही केली की बरेच वाचता येऊ लागते. नवीन यंत्रावर रूटच्या नावाने एक स्वागतपत्र आलेले असते, तेही वाचावे. त्यानंतर रोज रात्री दीडच्या सुमारास, यंत्र चालू असेल तर, प्रणाली स्वतःची तपासणी करते आणि कोणत्या महत्त्वाच्या फाइलीत काय बदलले ते रूटला पत्राने कळविते. शाळेच्या दैनंदिनीप्रमाणे हे पत्र पाहण्याचे काम घरातील एकाने अंगावर घ्यावे. दोष निघाल्यास ‘सिसपॅच’ ही आज्ञा दुरुस्ती बसविते, आणि सहा महिन्यांनी ‘सिसअपग्रेड’ नवी आवृत्ती आणते. एका आवृत्तीला साधारण वर्षभरच दुरुस्त्या मिळतात, म्हणून आळस करून चालत नाही.

काय मिळणार नाही

उणिवा आधी सांगितलेल्या बऱ्या. ब्लूटूथ नाही, ते २०१४ साली काढून टाकले. एनव्हिडियाच्या चित्रपत्त्यावर नीट चालत नाही. काही वायफाय पत्त्यांना वेगळी फाइल लागते, ती आणण्यासाठी प्रथम तार जोडावी लागते. पैसे भरून पाहण्याचे चित्रपट बहुधा दिसत नाहीत. टॅली चालत नाही, आणि कर भरण्यासाठी लागणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी किल्लीचे प्रोग्रॅम विंडोजसाठीच बनविलेले असतात. ज्या पालकांचा व्यवसाय त्यावर आहे त्यांनी तो संगणक जसा आहे तसा, पण अधिकृत विंडोजवर ठेवावा. मराठी वाचण्यासाठी नोटो फॉन्ट बसविले की फायरफॉक्समध्ये देवनागरी उत्तम दिसते, काळ्या पडद्यावर मात्र देवनागरी उमटत नाही.

मग लिनक्स का नको, असा प्रश्न एका पालकांनी केला. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेने ‘बॉस’ नावाचे लिनक्स २००७ पासून दिले आहे, आणि केरळच्या सरकारी शाळांत लिनक्स वर्षानुवर्षे शिकविले जाते. केवळ वापरण्यासाठी लिनक्स सोपे आहे, हे आम्ही मान्य करतो, आणि उरलेल्या चार यंत्रांवर ते बसवावे अशीच आमची शिफारस आहे. शिकण्यासाठी मात्र आम्ही ओपनबीएसडी निवडले. ते लहान आहे, त्याचे सगळे भाग एकाच गटाने सांभाळलेले आहेत, आणि चिकाटीचा दहावीचा विद्यार्थी दोन वर्षांत त्यातील बहुतेक फाइलींकडे बोट दाखवून ही कशासाठी आहे ते सांगू शकेल. विंडोजविषयी तसे आम्हालाही सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट पालकांनी, विशेषतः ज्येष्ठांनी, नीट लक्षात घ्यावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याच अरेरा कॉलनीत एका व्यावसायिकाला ‘डिजिटल अटक’ झाल्याचे भासवून ठगांनी कित्येक तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवले होते. सायबर पोलिसांनी घरी पोहोचून त्यांना सोडविले. तेथे कोणतीही कार्यप्रणाली फुटली नव्हती, माणसाला भीती घातली गेली होती. अशा ठगापुढे ओपनबीएसडी काही करू शकत नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करीत नाहीत. असा फोन आला तर ठेवून द्यावा, घरातल्यांना हाक मारावी आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. मुलांनी आजी-आजोबांना हा क्रमांक टेलिफोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा.

विश्वस्त मंडळापुढे आमची विनंती एवढी आहे. दोन यंत्रे ओपनबीएसडीसाठी राखावीत, चारांवर लिनक्स बसवावे, आणि भंगाराचा निर्णय एक वर्ष पुढे ढकलावा. नवीन खर्च दोन बाहेरच्या डिस्क आणि तारांचा आहे, त्याचा अंदाज वेगळा जोडला आहे. नववी व त्यापुढील विद्यार्थ्यांचा वर्ग दर शनिवारी शेवटच्या तासानंतर होतो. पालकांना बसण्याची मोकळीक आहे. मागच्या बाकांवर दोन आई नियमित येतात आणि प्रश्न त्यांचेच जास्त असतात.

स्वाध्याय

घरच्या संगणकावर कोणती कार्यप्रणाली आहे, ती अधिकृत आहे काय आणि तिला शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला मिळाली, हे पाहून वहीत लिहा. घरातील किती माणसे तो वापरतात आणि खाती किती आहेत, तेही लिहा. संख्या वेगवेगळी असेल तर कारण विचारा. वायफायच्या डब्याचा मूळ परवलीचा शब्द बदलला आहे काय, हे वडिलांसोबत तपासा.

शनिवारच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ‘मॅन’ आज्ञेने ‘आफ्टरबूट’ ही पुस्तिका उघडून तिची पहिली दोन पाने वाचावीत आणि न कळलेले शब्द वहीत उतरवून आणावेत. आपल्या कपाटातील फाइली शेजारच्या खात्यातून वाचता येतात काय ते पाहावे, येत असल्यास ‘सीएचमॉड’ या आज्ञेने त्या बंद करून दाखवाव्यात. यादी करण्याच्या कामाला अजून दोन हात हवे आहेत. ज्यांचे अक्षर चांगले आहे त्यांनी कार्यालयात नाव द्यावे.